तिळगूळ घ्या आणि इथे सही करा

"पांडेजी, ये काम सिर्फ आप ही कर सकते हो," असं आमचे नागराज सर म्हणाले आणि मी फुललो. तिथेच चुकलं. छप्पन्न वर्षांच्या माणसाची कोणी एवढी स्तुती केली, तर त्यानं आधी दार कुठे आहे ते बघून ठेवावं. माझं आडनाव पांढरीपांडे आहे, पांडे नाही, हे सांगायचंही मी त्या भरात विसरलो. नागपूर सोडून बंगळुरूला आलो त्याला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत अख्ख्या व्हाइटफील्डमध्ये माझं पूर्ण आडनाव एकाच माणसानं बरोबर उच्चारलं, आणि तो कुरिअरवाला होता.

कंपनीत मी अॅडमिन मॅनेजर. म्हणजे खुर्च्या, एसी, ऑफिसच्या कॅब, ओळखपत्रं आणि पॅन्ट्रीतल्या चहात साखर जास्त का, या सगळ्याला जबाबदार. बाकीचे दोनशे तेरा जण कॉम्प्युटरवर काहीतरी करतात. काय ते मी विचारत नाही, ते सांगत नाहीत. संसार सुखाचा चालला होता.

तर काम असं होतं. मुख्य कचेरीनं एक नवीन यंत्र घेतलं होतं. ऑफिसच्या लॅपटॉपवरून इंटरनेटवर जे जातं आणि येतं, ते म्हणे कुलूप लावलेल्या पाकिटातून प्रवास करतं. हे यंत्र मधे बसून प्रत्येक पाकीट उघडणार, आत डोकावणार, आणि परत कुलूप लावून पुढे पाठवणार. व्हायरस येऊ नये, कंपनीची गुपितं फुटू नयेत, म्हणून. कायदा विभाग म्हणाला, लोकांची पाकिटं उघडायची तर त्यांची लेखी संमती पाहिजे. म्हणून नऊ पानांचा इंग्रजी फॉर्म, मुंगीएवढी अक्षरं, आणि दोनशे चौदा सह्या शुक्रवारपर्यंत.

हे सगळं मला नंतर कळलं बरं का. सर समजावून सांगत होते तेव्हा मी 'फॉर्म', 'सही' आणि 'शुक्रवार' एवढे तीनच शब्द ऐकले. अॅडमिनमध्ये तीस वर्षं काढली की माणसाला तेवढेच ऐकू येतात. पहिला फॉर्म मी घेतला, शेवटचं पान काढलं आणि सरांसमोरच सही ठोकली. पुढाऱ्यानं पुढे असावं, असं माझं मत आहे.

मग सगळ्यांना मेल पाठवली. दोन दिवसांत सात फॉर्म आले. त्यातला एक माझा. दुसऱ्यावर कोणीतरी कॉफीचा कप ठेवला होता.

बुधवारी संक्रांत होती, आणि मंगळवारी संध्याकाळी माझ्या डोक्यात ती भन्नाट कल्पना आली. श्यामलाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीला म्हटलं, अडीचशे तिळाचे लाडू पाहिजेत.

"अडीचशे? काय करून राहिले तुम्ही तिथे? हॉटेल काढलं का?"

"कंपनीचं काम आहे."

"कंपनीला सांगा वळायला," ती म्हणाली आणि तीळ भाजायला घेतले. बायको बोलते एक आणि करते दुसरं, म्हणून तर जग चाललंय.

बुधवारी सकाळी नऊला मी लिफ्टच्या दारासमोर टेबल टाकून बसलो. डावीकडे लाडवांचा डबा, उजवीकडे फॉर्मचा गठ्ठा. लोकांचा वेळ वाचावा म्हणून प्रत्येक फॉर्मची पहिली आठ पानं मी क्लिपनं मागे घेऊन ठेवली होती. नववं तेवढं उघडं. लिफ्ट उघडली की मी म्हणायचो, "तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि इथे सही करा!" माणूस लाडू तोंडात टाकतो. एकदा लाडू तोंडात गेला की प्रश्न विचारता येत नाही. विचारलाच, तर गोड बोलायचं वचन मोडतं. शिवाय कानडी मंडळींतही हाच रिवाज आहे, एळ्ळु-बेल्ल खा आणि चांगलं बोला. त्यामुळे सगळा मजला आनंदानं सह्या करत आत गेला. पंजाबी पोरं तर दोनदा सही करायला तयार होती.

एकच बाई अडली. टेस्टिंगमधली कस्तुरी. ही निपाणीची, मराठी-कानडी दोन्ही सारखंच फडाफडा. तिनं लाडू रुमालात बांधला, क्लिप काढली आणि खिडकीशी उभं राहून नऊच्या नऊ पानं वाचली. पंचवीस मिनिटं! मागे रांग खोळंबली.

"सर, पान चार वाचलंत?"

"वाचलंय की," मी म्हणालो. संक्रांतीच्या दिवशी धडधडीत खोटं.

"आणि तरी सही केलीत?"

"पहिली सही माझीच आहे!" मी छाती काढून सांगितलं.

"बरं. मग मी आता ऑफिसच्या लॅपटॉपवर फक्त ऑफिसचंच काम करीन," असं म्हणून तिनं सही केली. जाताना माझ्याकडे तिनं असं बघितलं, जसं पायाला प्लास्टर घातलेल्या माणसाकडे बघतात. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल तिचा.

संध्याकाळी पाचला दोनशे चौदा सह्या पूर्ण. नागराज सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. घरी येऊन मी दोन लाडू जास्त खाल्ले.

आता दुसरी गोष्ट सांगायला हवी. ती मी सांगणार नव्हतो, पण आता लपवून कोणाला? अख्ख्या कंपनीला माहीत आहे.

आमची मुलगी भार्गवी. सव्वीस वर्षांची, के. आर. पुरमच्या आमच्या घरूनच काम करते. लग्नाचा विषय काढला की म्हणते, "बाबा, मी सांगीन तेव्हा." कधी सांगणार? मुलीच्या बापाला कॅलेंडर दिसत नाही का? दिवाळीनंतर मी गुपचूप तिचं नाव एका वधू-वर साइटवर घातलं. घरचा लॅपटॉप तिच्याच खोलीत असतो, म्हणून ऑफिसच्या लॅपटॉपवरून, जेवणाच्या सुट्टीत. शेवटी एक चौकोन होता, 'ही नोंदणी मुलीच्या संमतीने करत आहे.' त्यात बरोबरची खूण केल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं. आता पुढे तर जायचं होतं. केली.

पत्त्याशेजारी छोटं कुलूप दिसत होतं. आमच्या पिढीचा कुलपावर फार विश्वास. मी निर्धास्त.

डिसेंबरात एका मुलाचा निरोप आला. अभिजीत, एकोणतीस, नाशिक, मोठ्या कंपनीत नोकरी. लिहिलं होतं, 'हाय. सुट्टीच्या दिवशी काय करतेस?' उत्तर न देणं बरं दिसत नाही. एवढं चांगलं स्थळ! म्हणून मीच भार्गवी होऊन लिहिलं, 'पहाटे साडेपाचला उठून फिरून येते. येताना भाजी आणते.' तो म्हणाला, 'वा! हल्लीच्या मुलींमध्ये हे दिसत नाही.' म्हटलं, काय समंजस पोरगा! दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, पुरणात तू गूळ घालतेस की साखर? एकोणतिसाव्या वर्षी पुरणाची चौकशी करणारा मुलगा मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. असा जावई हातचा सोडू नये.

मग रोजच बोलणं सुरू झालं. एकदा सवयीनं लिहून गेलो, 'थंडीत गुडघे फार धरतात.' मग सावरून घेतलं, 'बॅडमिंटनमुळे.' त्यानं लगेच तेल कोणतं लावायचं, किती कोमट करायचं, सगळं लिहून पाठवलं. खरं सांगू? मला त्या मुलाशी बोलायला आवडायला लागलं. घरात माझ्या गुडघ्यांबद्दल कोण ऐकून घेतं?

संक्रांतीनंतरच्या सोमवारी यंत्र सुरू झालं. गुरुवारी मला शुभंकरनं बोलावलं. हा नेटवर्क सुरक्षेतला, पुण्याचा मुलगा, एरवी मला काका म्हणतो. त्या दिवशी त्यानं काचेच्या खोलीचे पडदे ओढले आणि म्हणाला, "सर, बसा."

'काका'चा 'सर' झाला की समजावं, काहीतरी जळलंय.

त्यानं बत्तीस पानांचा गठ्ठा पुढे सरकवला. वर लाल अक्षरांत इंग्रजीत लिहिलं होतं, त्याचा अर्थ, 'संशयित प्रकार: तरुणी असल्याचे भासवून प्रेमजालात ओढणे.' खाली माझं नाव. पूर्ण आडनाव, अगदी बरोबर लिहिलेलं! या यंत्राला पांढरीपांडे लिहिता येतं, हे बघून पहिल्यांदा क्षणभर बरं वाटलं. मग वरची लाल ओळ पुन्हा वाचली.

"यंत्राच्या मते," शुभंकर खाली मान घालून वाचू लागला, "छप्पन्न वर्षांचे पुरुष कर्मचारी, सव्वीस वर्षांची युवती म्हणून, एका तरुणाशी सलग संपर्कात. पान एकोणतीस. 'तुझ्याशी बोललं की मन हलकं होतं.' सर, हे तुम्ही लिहिलंत?"

अरे बाप्पा! पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, ती व्हाइटफील्डच्या सातव्या मजल्यावरही सरकते.

"अरे, पण तिथे कुलूप होतं!" मी ओरडलो.

"कुलूप अजूनही आहे. पण आता मधल्या यंत्राकडे किल्ली आहे."

"कोणी दिली? मला न विचारता माझी किल्ली कोणी दिली?"

शुभंकरनं फाइल उघडली. नववं पान. पहिली सही. माझी. "पान चारवर लिहिलंय, काका. वैयक्तिक साइटसुद्धा. आणि मागची साठवलेली संभाषणं उघडली तर तीही. मी ते वाचलं नव्हतं. मीही लाडू खाऊनच सही केली होती." तेव्हा मात्र त्याचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त पडला होता.

मी म्हटलं, मला संमती परत घ्यायची आहे. घेता येते, तो म्हणाला, पोर्टलवर अर्ज आहे. पोर्टल फक्त ऑफिसच्या लॅपटॉपवर उघडतं. अर्जात, आपल्याला काय झाकून ठेवायचं आहे आणि का, ते पन्नास शब्दांत सविस्तर लिहायचं, मग त्यावर नागराज सरांची सही. म्हणजे अंग झाकायचं असेल तर आधी चौकात उभं राहून दाखवा!

नागराज सर मला फक्त एक शब्द बोलले. "आप?" तीस वर्षांच्या नोकरीत मला दोन मेमो मिळाले आहेत, पण त्या 'आप'सारखं काही लागलं नाही. मी सांगितलं, सर, माझी मुलगी आहे, स्थळ बघत होतो. ते म्हणाले, ठीक आहे, मग मुलीचं पत्र आणा. माझ्या नावाचं खातं वडील चालवतात, ते माझ्या संमतीनं, असं तिच्या सहीनं. सोमवारी समिती बसणार. पत्र नाही आलं तर प्रकरण मुख्य कचेरीकडे, आणि फसवणुकीच्या प्रकरणात तिथून माणूस परत येत नाही.

म्हणजे आता भार्गवीच्या सहीवर माझी नोकरी. आणि ज्या गोष्टीला संमती पाहिजे, तीच तिला माहीत नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी शेजारच्या मंजुनाथ अण्णांना सगळं सांगितलं. हे बैलहोंगलचे, रजिस्ट्रारच्या कचेरीतून निवृत्त. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्यात काय रडतंय रीऽ? सही तुम्हीच ठोका की, स्वल्प बायकी अक्षरात."

"अण्णा, एका फसवणुकीत अडकलोय, तुम्ही दुसरी सांगताय!"

"सरी, सरी. बरं, मग दुसऱ्या कागदात सारून द्या की हो. सोसायटीचा भाडेकरू फॉर्म फिरतोय बघा, त्याच्या खाली घालायचं. चाळीस वर्षं बघितलोय मी, शेवटचं पान कोण वाचत नाही."

हे मला पटलं. सांगायला लाज वाटते, पण पटलं. माझीच तर युक्ती होती.

शनिवारी सकाळी भार्गवी कॉफी घेऊन बाल्कनीत बसली होती. मी सोसायटीचे तीन कागद आणि चौथं ते पत्र, असा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. "सह्या कर गं, चार ठिकाणी. वॉचमन थांबलाय." वॉचमन कुठला थांबतोय?

तिनं पेन घेतलं. पहिली सही, दुसरी, तिसरी. वाचलं एकही नाही. मी म्हटलं, "बघ तरी काय आहे ते." का म्हटलं, देव जाणे.

"तुम्ही दिलंय ना बाबा, मग काय वाचायचं?"

आणि चौथ्या पानावर तिनं पेन टेकवलं.

मी कागद ओढला. इतक्या जोरात, की कॉफी सांडली. पेनाची एक लांब रेघ पत्रावर उमटली. "वाच," मी म्हणालो. "आधी वाच."

तिनं वाचलं. मग म्हणाली, "कुठलं खातं?"

सांगितलं सगळं. साइट, चौकोनातली खूण, अभिजीत, बत्तीस पानं. श्यामला दारात येऊन उभी राहिली होती. भार्गवीनं माझ्या ऑफिसच्या बॅगेतली ती बत्तीस पानं मागितली आणि सगळी वाचून काढली. एकदाही हसली नाही. मला वाटत होतं, पुरणापाशी तरी हसेल.

"म्हणजे हा बिचारा दीड महिना माझ्याशी बोलतोय असं समजतोय," ती म्हणाली. "फोन लावा. आत्ता. त्याला खरं सांगायचं."

नंबर साइटवर होता. तिनंच लावला, स्पीकरवर. पलीकडून बाईंचा आवाज आला.

"नमस्कार. अभिजीत आहेत का? मी भार्गवी बोलतेय, बंगळुरूहून."

"अगं भार्गवी! तुझे गुडघे कसे आहेत?"

भार्गवीनं फोनवरून नजर काढून माझ्या गुडघ्यांकडे बघितलं.

"तुम्हाला कसं माहीत?" भार्गवीनं विचारलं.

"आता काय लपवू? मी प्रणिता, अभिजीतची आई. त्याच्या नावानं मीच लिहीत होते गं. तो हात लावत नाही असल्या गोष्टींना. रागावू नकोस. खरं सांगू का, तुझ्यासारखी समजूतदार मुलगी मी पाहिली नाही. माझं एवढं ऐकून घेणारं घरात कोणी नाही."

"काकू," भार्गवी म्हणाली, "भार्गवी मी आहे. पण तुमच्याशी बोलत होते ते माझे बाबा."

मग, "किती वर्षांचे आहेत?"

"छप्पन्न."

"अगंबाई!" आणि फोन बंद झाला.

श्यामलानं माझ्याकडे बघितलं. "गुडघे," ती म्हणाली. "दीड महिना परक्या बाईला गुडघे सांगून राहिले होते तुम्ही? आणि 'मन हलकं होतं'?" ती आत गेली आणि भांडी घासायला लागली. शनिवारी कामवाली येते, तरीसुद्धा.

मी भार्गवीला म्हटलं, चुकलो. पण तुझ्या भल्यासाठीच...

"बाबा, तुम्ही दोघांनी आमचं लग्न जवळजवळ ठरवलंत. त्यात आम्ही दोघंच नव्हतो." तिचे डोळे भरले होते. "मला विचारलं असतं तर?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणूनच विचारायचं असतं ना."

मी सांडलेली कॉफी पुसायला घेतली.

माझं पत्र तिनं फाडलं. माझी नोकरी गेली, असं मी मनात म्हणून टाकलं, आणि नवल म्हणजे त्याचं तितकंसं काही वाटलं नाही. पण रविवारी संध्याकाळी तिनं स्वतः लिहिलेला एक कागद माझ्यापुढे ठेवला. इंग्रजीत होता. त्याचा मतलब असा: 'माझ्या वडिलांनी माझ्या नावाने खाते उघडले. त्याला माझी संमती नव्हती, त्यामुळे संमतीपत्र मी देऊ शकत नाही. पलीकडच्या व्यक्तीला सत्य सांगितले आहे. कोणाकडून काही घेतलेले नाही. फसवणूक झाली असेल तर ती माझी झाली आहे आणि तिची चौकशी घरी सुरू आहे. तुम्ही मात्र माझ्या नावाची ही बत्तीस पाने कोणाला विचारून वाचलीत, ते कळवावे. मी तुमच्या कुठल्याच फॉर्मवर सही केलेली नाही.'

सोमवारी समितीनं ते पत्र वाचलं. शेवटच्या ओळीपाशी सगळे एकदम खोकले. याचं उत्तर कायदा विभागालाही येईना. अर्ध्या तासात बत्तीस पानं नष्ट करण्याचा हुकूम निघाला आणि माझ्या फाइलवर शेरा पडला, 'चौकशी सक्षम अधिकाऱ्याकडे घरी सुरू असल्याने कंपनीतर्फे कारवाई नाही.' नोकरी वाचली. त्या संध्याकाळी मी पान चारचा सोप्या भाषेत अर्थ लिहून काढला, मराठीत, हिंदीत आणि कस्तुरीकडून कानडीत, आणि लिफ्टशेजारी चिकटवला. दुसऱ्या दिवशी एक्क्याण्णव जणांनी संमती परत मागितली. नागराज सर तेव्हापासून मला कुठलंही काम 'सिर्फ आप' म्हणून देत नाहीत.

घरी आता तसं सगळं ठीक आहे. श्यामला बोलते. भार्गवीही बोलते, कॉफीसुद्धा करून देते. फक्त, काल मी तिला बाजारातून आणायच्या भाजीची यादी लिहून दिली. दोन जुड्या मेथी, पाव किलो गवार, लिंबं. तिनं ती उभी राहून वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग कागद उलटला आणि मागची कोरी बाजूही बघितली.